गावात मिटवायचे की ठाण्यात नोंदवायचे? स्त्रीवरील हिंसेच्या तक्रारीविषयी अनुभव व माहिती हवी आहे

निशिगंध

नमस्कार. मी एका तालुक्याच्या ठिकाणापासून अठरा किलोमीटर आत असलेल्या गावात राहते आणि बचत गटांची प्रेरिका म्हणून काम करते. गटातील एक सदस्य गेल्या शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या दारात आली. तिचा डावा हात मनगटाजवळ सुजला होता आणि आठ वर्षांची मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती. नवऱ्याने लाकडी पाटाने मारले होते. गेल्या चार वर्षांत असे प्रसंग वारंवार घडले असून, त्यांपैकी तीन वेळा प्रकरण गावात 'मिटवले' गेले. एकदा पोलीस पाटलांच्या ओसरीवर आणि दोनदा तंटामुक्त समितीच्या बैठकीत. तिन्ही वेळा नवऱ्याने सर्वांसमोर चूक कबूल केली, पुन्हा हात उचलणार नाही असे सांगितले, सासऱ्यांनी चहा मागवला आणि तिला घरी पाठवण्यात आले.

या वेळी तिला ठाण्यात जायचे आहे. मात्र गावातील जाणती माणसे सांगतात की आधी समितीपुढे बसा, ठाण्याची पायरी चढलात तर नांदण्याचे दार कायमचे बंद होईल. मी गोंधळले आहे. पोलीस पाटील, समिती, महिला दक्षता समिती, भरोसा सेल, संरक्षण अधिकारी अशी अनेक नावे ऐकायला मिळतात, परंतु त्यांपैकी कोणाकडे जाऊन काय सांगायचे आणि काय लिहून घ्यायचे हे मला नीट समजत नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माळरान

निशिगंधताई, सर्वप्रथम तिला ग्रामीण रुग्णालयात न्या आणि हाताचा एक्स-रे काढून घ्या. उपचारासाठी आधी पोलिसांची यादी, म्हणजे ठाण्याचे पत्र, आणा असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नका. मार नवऱ्याने दिला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे ते त्याची नोंद करून ठाण्याला कळवतील. पुढचे सारे या एका कागदावर अवलंबून राहू शकते.

मी स्वतः गेली सहा वर्षे पोलीस पाटील आहे, म्हणून माझ्या पदाविषयी आधी लिहिते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार ही नेमणूक होते. उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो, ते आदेश काढतात. गावात गुन्हा घडला किंवा घडण्याची शक्यता असली तर ठाण्याला खबर देणे, गुन्हा रोखण्याचा प्रयत्न करणे आणि तपासात मदत करणे ही या पदाची कर्तव्ये आहेत. त्या कायद्यात न्यायनिवाडा करण्याचा अधिकार मला कुठेही दिलेला नाही. तरीही गावाची अपेक्षा नेमकी उलट असते. पाटलाने ठाण्यापर्यंत काही जाऊ दिले नाही, तरच तो चांगला पाटील ठरतो.

नेमणुकीच्या पहिल्या वर्षी मीही एका विवाहितेचे भांडण माझ्या घरी बसून मिटवले होते. दोन्ही घरची माणसे बोलली आणि मीही बोलले. ती स्वतः काय म्हणाली, हे मला आज आठवत नाही, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. पाच महिन्यांनी ती माहेरी गेली ती जळालेल्या पायाने. त्या दिवसापासून मी एकच रीत पाळते. बाई माझ्याकडे आली की तारीख, वेळ, तिने सांगितलेली हकिगत तिच्याच शब्दांत आणि मला दिसलेल्या जखमा वहीत लिहिते, तिची सही किंवा अंगठा घेते आणि ठाण्याला खबर देते. समजुतीच्या गोष्टी बोलायच्या असतील तर त्या नंतर, आणि तिने मागितल्या तरच.

पारावरचा

मी आमच्या गावच्या तंटामुक्त समितीत पहिल्यापासून आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडणे मला आवश्यक वाटते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. बांधाची भांडणे, पाण्याच्या पाळ्या, भाऊबंदकी यांपायी कोर्टात पिढ्या खर्ची पडलेल्या आम्ही पाहिल्या होत्या, आणि अशी कितीतरी प्रकरणे समितीने खरोखर मिटवली. त्याचा मला आजही अभिमान आहे.

नवरा-बायकोच्या प्रकरणांत आमचा हेतू वाईट नव्हता. ठाण्यात फिर्याद पडली की नवऱ्याला उचलून नेतील, त्याची नोकरी जाईल, घरचा कमावता माणूस अडकेल आणि मग त्या बाईला व लेकरांना कोण पोसणार, हा विचार आमच्या मनात असतो. माहेरचे दोन महिने ठेवून घेतात, पुढे भावजयीला ती जड होते. हे मी खोटे सांगत नाही. ठाण्यात नोंद करा असे म्हणणाऱ्यांनी त्या बाईच्या पुढच्या वर्षभराच्या भाकरीचेही उत्तर द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

जुनी_वही

मी पोलीस दलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची नऊ वर्षे माझे काम महिलांच्या तक्रारींशी संबंधित होते. पारावरच्या दादांची चिंता खरी आहे, पण तिच्यामागे एक गैरसमज आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

नोंद झाली की लगेच अटक, असे आता घडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार प्रकरणात, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक आपोआप करू नये, ती का आवश्यक आहे याची कारणे लिहावीत आणि एरवी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे बजावले. पती किंवा त्याच्या नातेवाईकांनी केलेल्या छळाच्या गुन्ह्याला, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८अ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ला, कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे. त्यामुळे नवऱ्याला बहुधा आधी नोटीसच मिळते. गुन्हा नोंदवणे आणि माणूस कोठडीत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गावातील समित्यांना कोणीतरी बसून समजावायला हवे.

आता ठाण्यात काय घडते ते सांगते. बाई आत येते. ठाणे अंमलदार विचारतो, काय झाले. ती म्हणते, नवऱ्याने मारले. तो एवढेच ऐकतो आणि एन.सी. लिहितो, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करतो. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा असल्याने कागदावर त्याचे चुकत नाही. न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यात तपास होत नाही, बाईच्या हाती एक चिठ्ठी येते आणि तक्रार नोंदली गेली असे समजून ती घरी परतते. माझ्या नोकरीत मी पाहिलेली सर्वांत मोठी फसगत हीच. बायका ठाण्यात येत नाहीत असे आपण म्हणतो, पण आलेल्यांपैकी कितीतरी जणी या चिठ्ठीवर परत गेलेल्या असतात.

म्हणून ताई, तिने आजची मारहाण तेवढी सांगू नये. चार वर्षांत काय काय झाले, कधी झाले, कोणासमोर झाले, पैशांची मागणी होती का, जेवण बंद केले का, घराबाहेर काढले का, हे सर्व क्रमाने सांगावे. सतत चाललेला छळ समोर आला की कलम ८५ लागते आणि तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे त्यात पोलिसांना थेट तपास करता येतो. हाड मोडले असेल तर ती गंभीर दुखापत ठरते आणि कलम ११७(२) लागते. तेही दखलपात्र आहे. एक्स-रे काढण्याविषयी माळरानताईंनी दिलेला सल्ला म्हणूनच मोलाचा आहे.

ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मात्र वैवाहिक वादांत आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा त्याच निकालात आहे, आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत अशी चौकशी करता येते. त्यामुळे 'चौकशी करून कळवतो' असे उत्तर मिळाले, तर परवानगी घेतली आहे का आणि चौदा दिवस कोणत्या तारखेपासून धरायचे, हे विचारावे. हा प्रश्न शांतपणे विचारला तरी समोरचा माणूस सावध होतो.

घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवायची असते. ऑनलाइन पाठवलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत विनामूल्य मिळते आणि ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये. नकारच मिळाला तर सर्व मजकूर लिहून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावा, आणि तेथेही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

एक गोष्ट मला आजही खुपते. बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिन्यांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. त्या यादीत नवऱ्याकडून होणाऱ्या छळाचे कलम नाही. घरातल्या मारहाणीची तक्रार परतवणे सोपे का जाते, याचे एक कारण येथे सापडते.

वैनगंगा

ठाणे परके का वाटते, याविषयी थोडे लिहिते. माझे माहेर देसाईगंजच्या परिसरातले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीला भावाने दिलेल्या तक्रारीवरून देसाईगंजच्या ठाण्यात बोलावले होते आणि तेथे आवारातच दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. देश या घटनेला मथुरा प्रकरण म्हणून ओळखतो. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रियांची आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

कायद्याच्या पुस्तकांत ही गोष्ट सुधारणेची म्हणून शिकवली जाते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांनी मात्र तिच्यातून वेगळा धडा घेतला आणि तो लेकींना दिला, तो म्हणजे ठाण्यात एकटीने जायचे नाही. पन्नास वर्षांनंतरही माझी आई हेच सांगते. त्यामुळे निशिगंधताई, तुम्ही सोबत जाणार असाल तर त्या सोबतीला कमी लेखू नका. जबाब होईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहा.

पाणवठा

मी जिल्हा मुख्यालयात महिला व मुलांसाठी असलेल्या विशेष कक्षात समुपदेशक आहे. या कक्षांची सुरुवात १९८४ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात केली. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने ते जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. कल्पना साधी आहे. ठाण्याच्या आवारात पोलीस नसलेली, समाजकार्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती बसवायची. तिने बाईचे म्हणणे पूर्ण ऐकायचे आणि मग तिच्यासोबत पोलिसांच्या टेबलापर्यंत चालत जायचे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितल्याचे आढळले. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. हे आकडे समोर ठेवून पाहा, की पोलीस पाटलाच्या ओसरीवर येणारी बाई किती दूरवरून चालत आलेली असते. ती तेथे पोहोचते तेव्हा तिच्या दृष्टीने तक्रार झालेली असते. आपण मात्र तिला पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन ठेवतो. गावातल्या माणसांकडे जाण्यात काही वाईट नाही. बहुतेक जणींना बोलायला तीच माणसे जवळची वाटतात. प्रश्न एवढाच आहे की तिने बोललेले पुढे कागदावर जाते, की त्या ओसरीवरच राहते.

पारावरच्या दादांनी भाकरीचा प्रश्न विचारला, त्याचे उत्तर कायद्यात आहे आणि ते पुरेसे लोकांपर्यंत पोहोचलेले नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात बाईला नवऱ्याला तुरुंगात पाठवायची गरज नसते. ती दंडाधिकाऱ्यांकडे मागू शकते की त्याने मारू नये, तिला राहत्या घरातून काढू नये, तिचा व मुलांचा खर्च द्यावा आणि मुले तिच्याजवळ राहावीत. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मी लपवत नाही. पण संरक्षणाचा आदेश मिळाल्यावर तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. समितीपुढे दिलेला शब्द मोडल्यावर काय होते, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

यासाठी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊन कौटुंबिक घटना अहवाल भरून घ्यावा. स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा लागतो. या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे ही सर्व माहिती बाईला देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. राहण्याची सोय नसेल तर हिंसापीडित स्त्रियांसाठी असलेल्या जिल्ह्याच्या सखी केंद्रात तात्पुरता निवारा मिळतो. रात्री-अपरात्री १८१ या महिला मदत क्रमांकावर किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

समुपदेशनाविषयी मात्र सावध राहा. आमच्याकडे आलेल्या बाईला 'आधी तीन बैठका होऊ द्या, मग गुन्ह्याचे पाहू' असे सांगणे चुकीचे आहे. नवऱ्यासोबतची संयुक्त बैठक तिने मागितली तरच घ्यावी, आणि त्याच्यासमोर बोलताना तिची नजर खाली गेली की ती थांबवावी. पोलिसांचा महिलांच्या मदतीसाठी असलेला भरोसा सेल असो, महिला दक्षता समिती असो किंवा आमचा कक्ष असो, समेट किती घडवले यावर काम मोजले जाऊ लागले की बाईचे म्हणणे मागे पडते. तंटामुक्त मोहिमेत लोकसंख्येनुसार गावाला बक्षीस होते. ज्या गावाला तंटा शिल्लक नाही असे दाखवायचे असते, तेथे मार खाणाऱ्या बाईवर गप्प राहण्याचा केवढा दाब येत असेल, याचा विचार त्या वेळी पुरेसा झाला नाही असे माझे मत आहे.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवते.

मंगळवारी आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो. मनगटाचे हाड मोडले असल्याचे एक्स-रेमध्ये दिसले. डॉक्टरांनी नोंद करून ठाण्याला कळवले. ठाण्यात पहिल्यांदा एन.सी. घेऊ असेच सांगण्यात आले. तिने जुनी_वही ताईंनी सांगितल्याप्रमाणे चार वर्षांचे सर्व क्रमाने सांगायला सुरुवात केली. आम्ही आदल्या रात्री तारखा आठवायला बसलो होतो. तिला तारखा आठवत नव्हत्या, पण मुलीला गोवर आला होता तो आठवडा, हळदीचे पीक काढले ते दिवस, गटाचे कर्ज मंजूर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, अशा खुणांवरून आम्ही त्या जुळवल्या. कर्जाची तारीख गटाच्या इतिवृत्तात होती. एका महिला अंमलदारांनी सुमारे दोन तास जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला आणि एका ठिकाणी 'किरकोळ वाद' असा शब्द आला होता तो तिच्या सांगण्यावरून बदलला. कलम ८५, ११७(२) व इतर कलमांखाली गुन्हा नोंदला गेला. प्रत मिळाली आहे.

एक गोष्ट मला अनपेक्षित होती. पूर्वी तीन वेळा प्रकरण मिटवल्याचे तिने सांगितले, तेव्हा त्याची नोंद कुठे आहे का, असे अंमलदारांनी विचारले. समितीच्या नोंदवहीत दोन्ही तारखांना 'कौटुंबिक वाद, समज देऊन मिटवला' अशी एकेक ओळ सापडली. त्या पानांच्या प्रती तपासात घेतल्या आहेत. पोलीस पाटलांच्या ओसरीवर झालेल्या बैठकीची कोठेही नोंद नाही.

ती सध्या मुलीसह माहेरी आहे. संरक्षण अधिकाऱ्यांनी गुरुवारी बोलावले आहे. मुलीच्या शाळेचे काय करायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तिला तीच शाळा हवी आहे, आणि शाळा सासरच्या घरापासून चार घरे सोडून आहे.

पाणवठा

त्या अर्जात राहत्या घराच्या हक्कासोबत, मुलीच्या शाळेच्या परिसरात नवऱ्याने जाऊ नये अशी मागणीही करता येते. गुरुवारी अहवाल भरतानाच ती लिहायला सांगा. तारखांची जुळणी ज्या खुणांवरून केलीत, तो कागद फाडू नका. वकिलांना तो लागेल.

पारावरचा

हे सर्व वाचल्यावर काल दुपारी मी आमच्या समितीची नोंदवही काढून बसलो. २००८ पासून आजवर 'कौटुंबिक' या शीर्षकाखाली एकोणतीस नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीखाली नवऱ्याची सही आहे, बहुतेक ठिकाणी सासऱ्याची आहे, पंचांच्या आहेत आणि माझी तर सगळीकडे आहे. ज्या बाईचे प्रकरण होते तिची सही किंवा अंगठा फक्त चार ठिकाणी सापडला. काही नोंदींत तिचे नावही नाही, 'अमुकची पत्नी' एवढेच लिहिले आहे. हे लिहिणाऱ्यांत मी होतो.

त्यांतल्या सहा-सात जणी अजून गावातच नांदत आहेत. पाणवठा ताई, त्यांच्याकडे जाऊन विचारावे असे मला वाटते, पण मी पुरुष आणि त्यातून पंच, माझ्यासमोर त्या काय बोलतील? गावच्या आशाताईंना किंवा पलीकडच्या गावच्या महिला पोलीस पाटलांना सोबत घेऊन गेलो तर योग्य होईल का, की मी स्वतः त्यात नसलेलेच बरे, हे कळवावे. वही मी कपाटाबाहेर काढून ठेवली आहे.